तिसरं वळण

६ फेब्रुवारी

चि. धाकट्या,

त्रेसष्ट वर्षांच्या माणसाला चिरंजीव म्हणावं का, याचा विचार करण्यात चार कागद फाटले. पण दर खेपेला हात 'चि.' लिहूनच पुढे सरकला, तेव्हा आता तेच राहू दे. सोबत मोठ्या भावाचे आशीर्वाद आहेत. ठेवून घ्यायचे की उलट टपाली परत पाठवायचे, ते तू ठरव.

पत्ता कुठून मिळाला म्हणशील. मी ज्या लाँड्रीत शर्ट देतो तिथल्या बाईंनी पावत्यांसाठी नवा रबरी शिक्का मागवला. खोका काउंटरवर पडला होता, वर पाठवणाऱ्याचा पत्ता हाताने लिहिलेला. त्यातल्या 'ल'ची गाठ बघितली आणि मी तिथल्या स्टुलावरच बसलो. आपण दोघं एका पाटीवर शिकलो. मी 'ल' काढायचो आणि तू तो गिरवायचास, पण शेवटाकडून सुरुवातीकडे. अशी गाठ घालणारा माणूस जगात दुसरा असणं शक्य नाही.

बाई म्हणाल्या, "दादा, बरं वाटत नाहीये का?"

मी म्हटलं, "शिक्का फार सुबक झालाय."

"अहो, मग त्याला रडायचं काय?"

मला वाटत होतं तू अजून छापखान्यात खिळे जुळवत असशील. छापखान्यांचे दिवस संपले हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आता शिक्के कोरतोस तर. म्हणजे उलट्या अक्षरांनी काही तुझी पाठ सोडली नाही.

माझं बरं चाललंय. पुन्हा नाच शिकवतो. हसू नकोस. त्या लाँड्रीच्या मागे एक लांबट खोली आहे, पूर्वी तिथे चादरी वाळत घालायच्या. छताला दोऱ्यांचे आकडे अजून तसेच आहेत. लाकडी जमीन, साबणाचा वास, आणि भिंतीपलीकडे धुलाईची यंत्रं घुमत असतात. एकदा शर्ट घ्यायला गेलो तर बाई म्हणाल्या, "तुम्ही पूर्वी नाच शिकवायचात ना? माझ्या भाचीला शिकवा. मात्र ती कुणाला जवळ येऊ देत नाही, तेवढं सांभाळा." जवळ न जाता नाच कसा शिकवायचा, असं मी विचारलं. "ते तुमचं तुम्ही बघा. मी आपली कपडे धुणारी."

भाची तिथेच इस्त्री करते, असेल बावीस-तेवीसची. तिच्याशिवाय एक बसचा ड्रायव्हर आहे, म्हणजे होता. अपघातानंतर चाकांच्या खुर्चीत असतो. बाईंकडे गणवेश धुवायला टाकायचा त्या ओळखीवर आला, आणि आल्याआल्या म्हणाला, "पाय चालत नाहीत म्हणून तिकीट नाकारणार नाही ना?" तिसरी एक अकरा वर्षांची मुलगी. जन्मापासून तिला ऐकू येत नाही. आजी घेऊन येते. तिचं नाव मी टिपकागद ठेवलंय, कारण समोर जे येईल ते ती टिपून घेते. नाव आजींना पसंत पडलं, आणि त्यांनी ते हाताच्या खुणांनी तिला सांगितल्यावर तिने माझ्या हातावर तळवा दाबून उचलला आणि शाई उमटली का ते बघितलं.

तालासाठी मी काय म्हणत असेन, ओळख बघू?

आली आली झुळूक आली,
पानांमध्ये कुजबुज झाली.

ओळीला सोळा मात्रा, एक इकडेतिकडे नाही. चौथीच्या पुस्तकात होती, कवीचं नावच नव्हतं खाली. आपण शाळेच्या वाटेवर डबक्यांवरून उड्या मारत म्हणायचो आणि 'कुजबुज'वर तू हमखास डबक्यात. पुढच्या दोन ओळी मला काही केल्या आठवत नाहीत. तुला आठवत असतील तर कळव.

अक्षर वेडंवाकडं आलंय. टेबलाचा एक पाय आखूड आहे.

तुझा,
दादा


२८ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं उत्तर नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं, फक्त पोस्टमनला तीनदा अडवलं. आता तो मला लांबून बघूनच मान हलवतो.

तू नाही वाचलंस तरी मी लिहिणार. इतकी वर्षं आईमार्फत बोललो आपण. "त्याला म्हणावं चहा घे." "त्याला म्हणावं घेतला." आई गेल्यावर तेही बंद झालं. त्या दिवशी तू खांदा द्यायला माझ्या शेजारी होतास. एकदा वाटलं, आत्ता काहीतरी बोलावं. पण मधे आईच होती.

वर्गाचं सांगतो. पहिल्याच दिवशी मी माझ्या जुन्या शिरस्त्याने वर्गाकडे पाठ करून उभा राहिलो. मास्तर पुढे, पोरं मागे, आणि सगळ्यांच्या समोर भिंतभर आरसा, ही माझी शाळा. इथे आरसा नाही हे मला दिसत होतं, पण सवय माणसापेक्षा हट्टी. मी कविता म्हणतोय, काठीने ठोकळ्यावर ताल देतोय, आणि टिपकागद आपली जागच्या जागी उभी. शेवटी तिच्या आजी कोपऱ्यातून म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या पाठीला तोंड आहे का?"

"म्हणजे?"

"ती तुमचे ओठ वाचते. पाठ कशी वाचणार?"

मग ठोकळा ठेवून दिला. आता काठी जमिनीवरच आपटतो, ते फळ्यांतून तिच्या तळपायांना कळतं. आणि जन्मात पहिल्यांदा वर्गाकडे तोंड करून उभा राहिलो. धाकट्या, किती चेहरे असतात रे वर्गाला! तीन माणसं होती, तरी मला जत्रेत उभं राहिल्यासारखं झालं. आरशात फक्त चुका दिसतात. समोरासमोर उभं राहिलं की माणूस चुकण्याआधी घाबरतो तेही दिसतं.

पण अडचण अशी. वर्गाकडे तोंड केलं की मास्तरला सगळं उलटं करावं लागतं. तोंडाने 'उजवा हात' म्हणायचं आणि उचलायचा डावा, म्हणजे समोरच्याला सरळ दिसतो. मला ते जमेना. म्हणालो उजवा, उचलला उजवा, वर्ग गोंधळला. म्हणालो डावा, उचलला डावा, मग आठवलं, मग दोन्ही उचलले. ड्रायव्हर म्हणाला, "दादा, दिवा एका बाजूचा लावायचा आणि गाडी दुसरीकडे घालायची, असं नाही चालत. मागचा येऊन धडकतो."

त्या क्षणी मला कोण आठवलं असेल? वेगळं सांगायला नको. उजवा म्हटलं की डावा उचलणारा माणूस आपल्या घरात होता. लहानपणी बूट उलटे, सदरा उलटा, चमचा उलट्या हाताने. माझ्या वर्गात सोळाजण होते, पंधरा इकडे आणि सोळावा तिकडे. मी तुला म्हणायचो, सोळा नंबर, नाचता येईना अंगण वाकडं. आई तुझ्या उजव्या मनगटाला बुटाची नाडी बांधायची, उजवं कोणतं ते लक्षात राहावं म्हणून. खरं तर वाकडं अंगण नव्हतं, माझं बघणं होतं.

बाकी मजेत. इस्त्रीवाली अजून उंबरठ्याच्या आत येत नाही. पूर्वीचा मी असतो तर 'आत ये नाहीतर घरी जा' म्हणालो असतो. आता उंबरठा हीच तिची जागा असं ठरवून टाकलं, तर पठ्ठी तिथल्या तिथे असं नाचते की दाराची चौकट तिच्यासाठीच बसवल्यासारखी वाटते. जोडीने हात धरायचा भाग आला तेव्हा मी तो गाळणार होतो. ती लाँड्रीत गेली आणि एक पांढरी चादर घेऊन आली. एक टोक तिने धरलं आणि दुसरं माझ्यापुढे केलं. चादरीची घडी दोघांनी मिळून घालतात ना, तशी. मधे अडीच हातांचं अंतर, पण तिने टोक जरा ओढलं की मला कळत होतं. आता सगळ्या जोड्या चादर धरूनच नाचतात.

ड्रायव्हरच्या खुर्चीला वळायला चार मात्रा लागतात, पायांना दोन पुरतात. त्याला म्हटलं तू अर्धंच वळ. "अर्धं वळलं की बस फुटपाथवर चढते, दादा." तेव्हा आता आम्ही सगळेच चार मात्रांत वळतो. सावकाश वळल्यावर कळलं, त्या वळणात इतकी वर्षं मी किती काय गाळत होतो.

तुझ्या वेळचा हजेरीपट माझ्याकडे आहे, पेटीच्या तळाशी. तू रागावून निघून गेलास त्या दिवसापासून तुझ्या नावापुढे लाल रेघ आहे.

टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा घातला. तरी अक्षर हे असं. पेन बदलायला हवं.

दादा


२ एप्रिल

धाकट्या,

आज वर्गात जरा गडबड झाली. मी एका मुलीला बाहेर काढलं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

हवा बरी आहे.

दादा


३ एप्रिल

प्रिय धाकट्या,

कालचं पत्र फाडून टाक. नाहीतर ठेव, पण हे शेजारी ठेव.

काय झालं ते सांगतो. दोन आठवड्यांपासून मला दिसत होतं की ओळ संपताना टिपकागद मान जराशी हलवते. सोळावी मात्रा पडली की इकडून तिकडे बारीकशी थरथर. मी सोडून दिलं. मग ड्रायव्हरही करायला लागला, कारण ती सगळ्यांत पक्की, म्हणून दोघंही तिच्याकडे बघूनच ताल पकडतात. काल उंबरठ्यावरच्या इस्त्रीवालीनेही केलं. तिघांच्या माना एकदम हलल्या, आणि माझ्या डोक्यात वीज चमकली: ही मंडळी माझी नक्कल करताहेत.

आणि मी ओरडलो. काठी टिपकागदकडे रोखून ओरडलो, "बाहेर!"

तिला ऐकू येत नाही रे. पण ओठ येतात वाचता. माझ्या तोंडाकडे ती कविता बघायला शिकली होती, आणि तिथे तिला हे दिसलं. ती मुकाट्याने गेली. ड्रायव्हर म्हणाला, "दादा, ब्रेक लावा," तर मी त्यालाही काहीतरी बोललो. मग आजी उठल्या. त्या चिडल्या असत्या तर परवडलं असतं. त्या अगदी हळू म्हणाल्या, "मास्तर, ती तुमचं बघूनच करते. मान तुमची हलते. तुम्हाला अजून कुणी सांगितलंच नाही का?"

मला सांगितलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मागच्या वर्षीच. कंप मानेत आहे, डाव्या हातात आहे, आता उजव्यातही येतोय. सावकाश वाढेल, म्हणाले. टेबलाचे चारही पाय सारखे आहेत, धाकट्या. पेनही चांगलं आहे.

आणि त्या पुढच्या ओळी आठवत नाहीत असं लिहिलं होतं, तेही खोटं. निम्मं तुला उत्तराला निमित्त मिळावं म्हणून, आणि निम्मं मला त्या लिहायच्या नव्हत्या म्हणून.

झुळूक गेली कुठे कळेना,
पान तरी ते स्थिर होईना.

चौथीत काय कळत होतं आपल्याला!

टिपकागद सापडली ती धुलाईच्या मोठ्या यंत्राला पाठ टेकून बसलेली. यंत्र घुमतं तेव्हा तिच्या पाठीत म्हणे गाणं होतं. मी समोर जमिनीवर बसलो. बसायला वेळ लागला, तो तिने बघितला. 'चुकलो' याची खूण मला येत नव्हती. मी स्वतःचा कान धरला. ती काही हसली नाही. मग मी माझ्या मानेकडे बोट दाखवलं, दोन्ही हातांची बोटं कशी हलतात ते दाखवलं, आणि खांदे उडवले: माझ्या हातात नाही.

तिने बराच वेळ माझ्या हाताकडे बघितलं. आजींना खुणांनी काहीतरी म्हणाली. आजी म्हणाल्या, "तिला वाटलं तो नाचातलाच भाग आहे. कवितेत पान आहे ना, ते पान. ती म्हणते, सगळ्यांत तोच तुकडा छान आहे."

तेव्हा तो तुकडा राहिला. आता सोळाव्या मात्रेला सगळे मान हलवतात. ड्रायव्हर म्हणतो, "आमच्या गाडीत आधी वायपर नव्हता, आता बसवला."

एवढ्यावर भागलं असतं तर मी तुला हे लिहिलं नसतं. पण आज हात एका मात्रेवर दोनदा पडला. टिपकागदनेही पाऊल दोनदा टाकलं, अगदी हुबेहूब. जो नीट बघतो तो आपली चूकही नीट उचलतो. मान हलली तर पान होईल, पण तालच हलला तर ती काय धरणार? तिला बाकी कुठून ताल मिळत नाही. तिला समोर एक स्थिर चेहरा लागतो. मी बाजूला बसून कविता म्हणू शकतो, काठी ड्रायव्हर आपटेल, पण पुढे उभं राहणारं कुणीतरी हवं. ते नसेल तर हा महिना संपला की वर्ग बंद करायचा, असं मी बाईंना सांगून आलोय. इस्त्रीवाली आतून ऐकत होती. तिने इस्त्री उभी करून ठेवली आणि बराच वेळ काही घेतलंच नाही हातात.

आता मुद्द्याचं. त्रेचाळीस वर्षं ज्याच्याभोवती फिरतोय ते.

मी मागे एका पत्रात लिहिलं की तू रागावून निघून गेलास. तू गेला नव्हतास, मी काढलं होतं तुला. रंगीत तालमीच्या दिवशी, पाहुणे खुर्च्यांवर बसलेले असताना, त्याच शब्दाने. "बाहेर! जा, चपला राखत बस." तू बसलास. तालीम संपून सगळे बाहेर आले तेव्हा तू नव्हतास आणि चपला ओळीने लावलेल्या होत्या, प्रत्येक जोडी डावी-उजवी अदलाबदल करून. पाहुण्यांच्यासुद्धा. मी तेव्हा संतापलो होतो. आता कधीमधी ते आठवून एकटाच हसतो.

पण खरी गोष्ट ही नाही. खरी गोष्ट तुला कुणीच सांगितली नाही, कारण ती एकट्या मलाच माहीत आहे.

तिसरं वळण उजवीकडे होतं. आठवतं? महिनाभर तेच घोकत होतो आपण. पाहुणे बघून माझं चित्त उडालं आणि मी डावीकडे वळलो. मी पुढे, पाठ वर्गाकडे. पंधराजण माझ्या पाठीमागे निमूट डावीकडे वळले, विद्यार्थी वळतात तसे. तू एकटा उजवीकडे वळलास. त्या दिवशी, आयुष्यात पहिल्यांदा, हॉलमध्ये फक्त तू बरोबर होतास. मनगटाला नाडीसुद्धा नव्हती.

आणि मला ते आरशात दिसलं होतं, धाकट्या. तिथल्या तिथे. पाहुण्यांपैकी कुणीतरी हसलं. चूक मास्तरची की सोळा नंबरची, हे ठरवायला माझ्याकडे अर्धी मात्रा होती. मी तुला निवडलं.

माफी मागतो असं लिहिलं तर ते फार स्वस्त होईल. मागतोच, पण सोबत एक विनंती आहे. उजवा म्हटलं की ज्याचा डावा आपोआप उठतो, असा माणूस मला हवाय. वर्गाकडे तोंड करून उभा राहिला की तो सगळ्यांना सरळ दिसेल. तू जन्मापासून मास्तरच्या जागेवरून नाचत होतास. मीच तुला उलट्या बाजूला, रांगेत उभं केलं होतं.

ये. माझ्यासाठी नको. एका मुलीला बघायला एक चेहरा हवाय.

दादा


११ मे

धाकट्या,

तू पलीकडच्या खोलीत दुपारचा झोपला आहेस. बूट खाटेखाली, डावा उजवीकडे. मी हे पत्र लिहून तुझ्या चष्म्याखाली ठेवणार आहे, कारण समोर आलो की आपण दोघं हवापाण्यावर बोलतो. परवापासून बघतोय मी.

तुझं पुडकं आलं त्या दिवसाचं सांगायचं राहिलंय. पोस्टमन लांबून ओरडला, "आलं, आलं, आता मला अडवू नका!" आत चिठ्ठी नाही, चपाटी नाही. फक्त लाकडी मुठीचा एक लहानसा शिक्का. मी रबर डोळ्यांजवळ धरून वाचायचा प्रयत्न केला. उलटी अक्षरं मला कुठली वाचता यायला! आधी मनात आलं, 'रद्द' असेल. पावत्यांवर मारतात तसला. ज्याने आयुष्यभर शिक्के कोरले तो भावाच्या पत्राला आणखी काय उत्तर देणार? तसाच लाँड्रीत गेलो. बाईंकडून शाईची गादी घेतली आणि समोरच्या पावतीवर शिक्का दाबला.

हजर.

बाई म्हणाल्या, "दादा, शिक्का बघून रडायचं हे तुमचं काय आहे ते मला एकदा कळू दे."

मग तू आलास. मी तुला न्यायला यावं असं कळवलं नाहीस, थेट वर्गाच्या दारात. इस्त्रीवाली उंबरठ्यावर होती, तिने तुला बघून चादरीचं टोक पुढे केलं, कारण नव्या माणसाला ती असंच आत घेते. तू ते धरलंस. हात पुढे केला नाहीस, काही विचारलं नाहीस. तिथेच माझा निम्मा जीव भांड्यात पडला. मग तू दाराशी पडलेल्या चपलांच्या ढिगाकडे बघितलंस आणि माझ्याकडे वळून म्हणालास, "ह्या राखायला बोलावलंस होय?"

वर्गाला काही कळलं नाही. ड्रायव्हर म्हणाला, "काका, माझ्या बुटांची काळजी नको, ते झिजतच नाहीत."

तू त्यांच्याकडे तोंड करून उभा राहिलास. मी खुर्चीत बसून ओळ म्हटली, उजवा हात म्हणालो, आणि तुझा डावा असा उठला की जणू त्याला दुसरं काही ठाऊकच नाही. टिपकागदचा उजवा उठला. समोरासमोर, एका रेषेत. वीस वर्षांचा तू मला त्या क्षणी दिसलास, आणि मी तुला लाल रेघ मारतानाचा मीही दिसलो. माझी ओळ चुकली. कुणाचं लक्ष नव्हतं, सगळे तुझ्याकडे बघत होते.

सोळाव्या मात्रेला तू मान हलवली नाहीस, तुला कुठे माहीत होतं! टिपकागद थांबली. तुझ्याजवळ आली, तुझी हनुवटी दोन बोटांत धरली आणि हळूच हलवून दाखवली, असं. मग तुला खुर्चीतला मी दाखवला. तू माझ्या मानेकडे बघितलंस, आल्यापासून पहिल्यांदा. त्यानंतर दर ओळीला तू ते पान बरोबर हलवलंस. माझ्यापेक्षा छान, खोटं कशाला बोलू.

वर्ग सुटल्यावर बाहेर गोंधळ उडाला, कारण सगळ्यांच्या चपला ओळीत आणि प्रत्येक जोडी उलटी. आजी म्हणाल्या, "मास्तर, तुमचे भाऊ लहान आहेत का?" मी म्हटलं, "हो, तीन वर्षांनी."

पण काल संध्याकाळी चहा पिताना तू जे बोललास ते माझ्या डोक्यातून जात नाही. मी म्हटलं, त्या तिसऱ्या वळणाचं तुला तेव्हा कळलं असेलच. तू कपात बघत म्हणालास, "नाही रे. घरून गेल्यावर महिनाभर खोलीतल्या आरशासमोर तेच वळण घेत होतो. वाटायचं, मीच चुकलो असणार. पंधराजण आणि दादा, सगळे कसे चुकतील?"

"मग कधी कळलं?"

"तुझं पत्र आल्यावर."

त्रेचाळीस वर्षं! मला वाटत होतं तू माझ्यावर रागावून बसलायस. तू तर बरोबर असूनही स्वतःवरच शंका घेत बसला होतास. तो राग असता तर मला सोपं गेलं असतं. तू म्हणालास, "चहा निवतोय." मी म्हटलं, "त्याला म्हणावं घेतो." आणि तू हसलास, आईसारखा, नाकाने.

असो. दुपारी तू आडवा झाल्यावर मी पेटी उघडली. हजेरीपट काढला. पानं पिवळी पडलीत, पण लाल रेघ तशीच ताजी आहे, लाल शाई मरत नाही. सोळावं नाव. रंगीत तालमीची तारीख. त्या चौकोनात मी तुझा शिक्का मारला.

हात हलला. एकाऐवजी दोन उमटलेत, एकमेकांना अगदी चिकटून. खोडायला गेलो नाही. उठलास की बघ.

तुझा,
दादा